बांध कोणी कोणाला शिकविला?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर जा आणि पाणी ओंजळीत घेऊन बघा. पाणी चहासारखे दिसेल. हा रंग पाण्याचा नव्हे. तो आपल्याच रानाच्या वरच्या थराचा आहे. त्यातच गाडीभर टाकलेले शेणखत आहे, मागच्या पिकाचा कुजलेला पाला आहे आणि पेरणीबरोबर दिलेले विकतचे खतही आहे. एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून ती वाहून जायला थोडे पावसाळे पुरे होतात.

माती धरून ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. परंतु ती कोणी कोणाला शिकविली? कोठे ती रुजली, आणि कोठे सरकारी खर्चाने घातलेले बांध लोकांनीच नांगरून टाकले? हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यात झालेली चूक अजूनही होते. माझ्या हातूनही झाली आहे. ती पुढे सांगतोच.

वाडवडिलांची ताल

पुणे, सातारा, नाशिक या भागांत डोंगराच्या अंगाला जुन्या ताली अजून दिसतात. शेताच्या खालच्या अंगाला किंवा ओघळीच्या तोंडावर दगड रचून रुंद बांध घालायचा. वरून येणारे पाणी तेथे दम खाते, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढे जाते. दरवर्षी बोट-दोन बोटे गाळ साचतो. बापाने ताल घातली, तर मुलाच्या हाती रान पडते, असा तो हिशेब.

ही माणसे काही शाळेत शिकली नव्हती. त्यांच्याजवळ पातळी पाहण्याचे यंत्र नव्हते. त्यांची शाळा म्हणजे भर पावसातले रान. डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन माणूस शेतात उभा राही आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठून फुटते हे डोळ्यांनी पाही. दुसऱ्या वर्षी तेथेच दगड पडे. तालीच्या एका अंगाला जादा पाण्यासाठी वाट ठेवलेली असे. तोच आपला सांडवा. पाणी अडवायचे, पण कोंडायचे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

ही विद्या पसरली ती शेजारधर्माने. एकाची ताल टिकली, की भाऊबंद येऊन बघत. वाकलेला दगड कसा बसविला, पाया किती खोल घेतला, हे विचारीत आणि आपल्या रानात तसे करीत.

महात्मा फुल्यांनी सुचविलेला उपाय

सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाविषयी आणि त्याला नाडणाऱ्यांविषयी त्यात लिहिले आहे, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्यात मातीविषयीही फार मोलाचा विचार आहे.

फुल्यांनी दाखवून दिले, की पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण, कुजलेले गवत हे सर्व पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या रानात येई आणि जमिनीला आपोआप खत मिळे. पुढे डोंगर आणि कुरणे जंगलखात्याच्या ताब्यात गेली, जनावरांना चरायला जागा उरली नाही आणि जमिनीचे हे खाद्य तुटले. त्यावर त्यांनी उपाय सुचविला. सरकारजवळ लष्करातले शिपाई आणि पोलीस आहेत. त्यांच्याकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा बेताने घालून घ्यावेत, की पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मग ओढ्या-नदीला मिळावे. तळी आणि नदीनाले यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणे रानात नेऊ द्यावा, असेही त्यांनी म्हटले.

आज आपण ‘पाणलोट विकास’ म्हणतो तो याहून वेगळा काय आहे? धरणातला गाळ शेतात नेण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झाली. फुल्यांनी तीच गोष्ट १३४ वर्षे आधी मांडली होती. ती त्यांनी शेतकऱ्यांत वावरून, त्यांचे रान पाहून मांडली. म्हणून ती खरी ठरली.

मांजरी आणि सोलापूरचे प्रयोग

सरकारी शास्त्र या कामाला लागले ते पुढच्या शतकात. सन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे केंद्रे निघाली. विजापूर त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते. सोलापूरच्या कामाशी ना. वि. कानिटकर यांचे नाव जोडलेले आहे. कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सोलापूरकडची काळी जमीन खरिपात पड ठेवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारी पेरतात. म्हणजे जोराचा पाऊस पडतो तेव्हा रान उघडे असते. पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटतो, ढेकूळ फुटते, बारीक माती भुईची तोंडे बुजविते, आणि पाणी मुरायचे सोडून पळू लागते. किती पाणी पळते आणि बरोबर किती माती नेते, हे तेथे उताराचे वाफे करून प्रत्यक्ष मोजण्यात आले.

या कामातून पुढे आलेली पद्धत ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेली. समपातळीत बांध घालावेत, नांगरट खोल करावी, शेणखत द्यावे, बियाणे कमी वापरून ओळी लांब ठेवाव्यात आणि वरचेवर कुळवणी-कोळपणी करून ओल राखावी, असा तिचा सारांश. यातली कोळपणी शेतकऱ्याला ठाऊक होतीच. पण पाणी-माती मोजून, आकडा दाखवून सांगण्याचे काम शास्त्राने केले. दोन्ही विद्या येथे एकत्र आल्या, ही मोठी गोष्ट झाली.

बांध झाले, पण टिकले का?

सन १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला. त्याच सुमारास विजापूर-सोलापूरकडे दुष्काळ होता. दुष्काळी कामांवर समपातळी बांध घालण्यास जोर आला. स्वातंत्र्यानंतर तर लाखो हेक्टरवर बांध पडले. खर्चाचा काही वाटा सरकार सोशी आणि उरलेला जमीनमालकाकडून हप्त्याने वसूल होई.

हलक्या आणि मध्यम जमिनीत, जेथे पाणी लवकर मुरते, तेथे या बांधांनी चांगले काम केले. पण पुष्कळ ठिकाणी उलट घडले. मोजणीवाले साहेब गेले, दोन पावसाळे गेले, आणि शेतकऱ्याने बांधावर नांगर घातला. दप्तरी शेरा पडला, की शेतकऱ्याला कळत नाही.

खरोखर कळत नव्हते का? नीट बघू या.

पहिले कारण जमिनीचे. भारी काळ्या मातीत पाणी हळू मुरते. समपातळी बांधामागे ते आठ-आठ दिवस साचे, पीक पिवळे पडे, वापसा येत नसे. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडत. पहिल्या पावसाचे पाणी भेगेत शिरे आणि बांध मधोमध फुटे. फुटलेल्या बांधाचे पाणी एका जागी जोर धरी आणि खालच्या रानात घळ पाडी. बांध नसता तर इतके नुकसान झाले नसते, असे शेतकरी म्हणे. त्यात खोटे काही नव्हते.

दुसरे कारण मालकीचे. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक लिहिले. त्या गावात १७७१ साली एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही तुकड्या-तुकड्यांत. आता विचार करा. समपातळीची रेघ काही हद्द ओळखत नाही. ती एकाच्या रानातून शिरते आणि तिसऱ्याच्या रानातून निघते. एकाच्या मधल्या चार गुंठ्यांत बांध जातो, त्याची तिफण अडते आणि फायदा मात्र शेजाऱ्याला. शेतकऱ्याचा स्वतःचा बांध हद्दीवर असतो. तो त्याला राखावासा वाटतो, कारण तो त्याचा असतो.

म्हणजे बांध नांगरणारा शेतकरी अडाणी नव्हता. तो नांगराने उत्तर देत होता. कोणी त्याला तोंडाने विचारले नव्हते, एवढेच.

पुढे शास्त्रज्ञांनीही ही गोष्ट मानली. भारी काळ्या जमिनीत समपातळीऐवजी थोडा ढाळ देऊन, जादा पाणी संथपणे बाहेर काढणारे ढाळीचे बांध सुचविण्यात आले. रुंद वरंबा आणि सरीची पद्धत आली. रब्बी ज्वारीच्या रानात लहान वाफे पाडून जागच्या जागी पाणी मुरविण्याची शिफारस झाली. शेतकऱ्याची तक्रार खरी धरली तेव्हा शास्त्रही पुढे सरकले.

१९७२ आणि त्यानंतर

सन १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांनी लाखो चुली पेटत्या ठेवल्या. त्याचे मोल कमी नाही. पण खोदणाऱ्या माणसाला किती ब्रास माती काढली ते ठाऊक असे. ती का काढली हे त्याला सांगायला सवड कोणाला होती?

त्याच दुष्काळात पुण्याचे एक अभियंते, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात फिरले. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर बरड जमीन खंडाने घेतली. लोकांना व्याख्यान न देता आधी स्वतः करून दाखविले. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर घेतली. जेथे कुसळ उगवत होते तेथे धान्य आले. मग शेजारपाजारचे शेतकरी आपल्या पायांनी बघायला आले आणि विचारू लागले. यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. घरातल्या माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर यांपुरते पाणी, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे नियम लोकांनी मान्य केले आणि पाळले.

सन १९८३ मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम हाती घेतला. एकट्या बांधाऐवजी माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या शिवाराचा एकत्र विचार सुरू झाला. १९९० नंतर नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने तेच करून दाखविले. डोंगरावर समतल चर खणले, मोकाट चराई आणि झाडतोड बंद केली, पाऊस किती पडला हे पाहून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरविले. आजही दूरदूरच्या गावांतून शेतकरी तेथे जाऊन पाहून येतात. कागद वाचून जे पटत नाही, ते शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावल्यावर पटते.

माझी चूक

आता माझी गोष्ट. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी या कामात नवा होतो. पदवी ताजी होती आणि हातात मोजणीचे यंत्र होते. एका गावात उताराच्या रानात बांधाची आखणी चालली होती. फक्कीची रेघ मारीत मी पुढे चाललो होतो. तेथे सत्तरीचे एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, “साहेब, सांडवा हितं नको. मोठा पाऊस झाला की पाणी त्या आंब्याकडं वळतं. मी ल्हानपणापासनं बघतोय.”

मी म्हटले, “बाबा, यंत्र खोटं बोलत नाही.”

सप्टेंबरात एका रात्री मोठा पाऊस झाला. पाणी आंब्याकडेच वळले. बांध तेथेच फुटला, आणि खालच्या अर्ध्या एकरात, कांद्याचे रोप नुकतेच लावले होते त्यावर, टाचभर मुरूम पसरला. ते रान एका विधवा बाईंचे होते. रोप उसने पैसे काढून घेतलेले होते. मी गेलो तेव्हा त्या खडे वेचून पाटीत टाकीत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आता पुन्हा रोप कुठनं आणू?”

यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने त्या दिवशीची पातळी बरोबर सांगितली होती. पण मोठ्या पावसात वरच्या तीन रानांचे पाणी एकत्र होऊन कोठे वळते, हे त्याला कोणी दाखविले नव्हते. ते त्या बाबांनी साठ पावसाळे पाहिले होते. पुढच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर भर पावसात ते रान फिरलो. सांडवा आंब्याखाली घेतला, त्याला दगडाचे पिचिंग केले. तो बांध आजही उभा आहे. पण त्या बाईंचा त्या वर्षीचा कांदा काही मला परत देता आला नाही.

तेव्हापासून आखणी करण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. या रानात पाणी कोठून येते? आणि मागे बांध फुटला तो कोठून?

यंदा काय करावे?

१. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत स्वतः रान फिरा. विजा चमकत असतील तर मात्र बाहेर पडू नका. पाणी वळते तेथे खुणेचा दगड ठेवा. अधिकारी आखणीला येईल तेव्हा त्याला ते दगड दाखवा.

२. नांगरट, कुळवणी, पेरणी उताराला आडवी करा. ट्रॅक्टरवाला शेताच्या लांबीने जाऊ पाहतो, कारण त्याला वळणे कमी पडतात. पण लांबी उताराच्या दिशेने असेल, तर त्याची प्रत्येक तास म्हणजे माती वाहून नेणारा पाट होतो. मोबदला ठरवितानाच त्याला आडवे चालवायला सांगा.

३. जमीन ओळखून बांध घाला. कमी पावसाच्या हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांध. भारी काळ्या जमिनीत ढाळीचे बांध किंवा रुंद वरंबा-सरी. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात वाफे पाडून ठेवा.

४. सांडव्याशिवाय बांध नको. सांडव्याला दगड लावा आणि त्याचे पाणी गवत असलेल्या ओघळीत सोडा, शेजाऱ्याच्या पिकात नको.

५. बांधावर पवना, मारवेल यांसारखे गवत राखा. मुळे माती धरतात आणि दावणीला वैरण मिळते. बांध पेटवू नका.

६. काम माथ्यापासून सुरू करा. वर पाणी मोकाट ठेवून खाली ओढा कितीही खोल केला, तरी तो गाळाने भरणारच.

७. गाळ टाकायचा तो हलक्या, मुरमाड रानात. भारी किंवा चोपण जमिनीत गाळ टाकण्याआधी माती तपासून घ्या.

८. आणि बांध कोरू नका. दोन सरी वाढाव्यात म्हणून दरवर्षी वीतभर बांध कोरायचा, शेजाऱ्याने तिकडून तेवढाच कोरायचा, आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हे गावोगाव चालले आहे. त्या दोन सरींत जेवढे पिकते त्याहून जास्त माती त्याच वाटेने ओढ्याला जाते. शेजाऱ्याशी बोलून दोघांच्या हद्दीवर एकच रुंद बांध घाला. त्यावरचे गवत वाटून घ्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बांध कोणी कोणाला शिकविला, या प्रश्नाचे उत्तर एका नावात मिळत नाही. ताल घालणाऱ्याने शेजाऱ्याला शिकविला. फुल्यांनी तो सरकारला सांगितला. सोलापूरच्या शास्त्रज्ञांनी मोजून दिला. नांगर घालणाऱ्या शेतकऱ्याने शास्त्रज्ञांची चूक दाखविली आणि नायगावने करून दाखविले. जेथे एकाने सांगितले आणि दुसऱ्याने नुसती मान हलविली, तेथे बांध टिकला नाही.

आपल्या शिवारात एखादी जुनी ताल अजून उभी असेल, तर ती कोणी घातली, पाया कसा घेतला, सांडवा कोठे ठेवला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि कार्यक्रमाकडे पत्राने कळवा. निवडक पत्रे आपण कार्यक्रमात वाचू. आपल्या गावची ताल दुसऱ्या गावच्या कोणाचे तरी रान वाचवील.